नाथीबाईंच्या नावाचे व्याज

अर्नाळ्याहून पहाटेची एस.टी. सुटायची ती आगाशीला गच्च भरायची आणि विरार स्टेशनाबाहेर एका झटक्यात रिकामी व्हायची. तिथून पुढे चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही चार-पाच मुली हा प्रवास रोज करत होतो. अर्नाळा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडायचे होते. गावात कुणी विचारले की पोरगी कुठे शिकते, तर घरचे 'चर्चगेटला' एवढेच सांगत. 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ' हे नाव एका दमात म्हणणारे आमच्या आळीत कुणी नव्हते, आणि 'एस.एन.डी.टी.' म्हटले तर लोकांना ते एखाद्या औषधाचे नाव वाटे. माझ्या आईने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती म्हणायची, 'नाथीबाईचं कॉलेज.'

या स्मरणिकेच्या संपादिकांनी मला संस्थेचा इतिहास लिहायला सांगितले. कुलगुरूंची यादी आणि इमारतींच्या कोनशिला इतरत्र छापलेल्या आहेत, त्या पुन्हा उतरवण्यात मला रस नाही. मला लिहायचे आहे ते आईच्या त्या 'नाथीबाई'बद्दल, म्हणजे विद्यापीठाला हे नाव ज्या पैशामुळे मिळाले त्याबद्दल. पैशाविषयी लिहिताना आपल्याकडे थोडे अवघडल्यासारखे होते. दात्यांचे आभार मानले की विषय संपतो. पण देशातले बायकांचे पहिले विद्यापीठ चालले कसे, हे समजून घ्यायचे तर जमाखर्चाची वही उघडावीच लागते.

वहीचे पहिले पान महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे. मुरुडचा हा गणिताचा प्राध्यापक १८९६ पासून विधवांसाठी संस्था चालवत होता. हिंगण्याच्या माळावर रावबहादूर गोखल्यांनी दिलेली सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये, त्यातून उभी राहिलेली झोपडी, आणि पुण्याहून तिथवर रोजची पायपीट, हा भाग आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला आहे. १९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या वाचनात आली. जिन्झो नारुसे यांनी ते विद्यापीठ टोकियोत १९०१ मध्ये सुरू केले होते. १९१५ च्याच डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष कर्वेच होते, आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडून टाकली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरूही झाले. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे, आणि विद्यार्थिनी पाच.

पाच. आमच्या वेळी एस.टी.च्या एका बाकावर याहून जास्त मुली बसत.

या विद्यापीठाला सरकारची मान्यता नव्हती. कर्व्यांनी ती येईपर्यंत थांबायचेच नाही असे ठरवले होते. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून, जोडीला गृहविज्ञान. पदव्यांची नावेसुद्धा आपली: बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. नावे भारदस्त खरी, पण नोकरीच्या अर्जात 'जी.ए.' लिहिले तर समोरचा कारकून भुवया उंचावणार. मान्यता नाही म्हणजे अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणजे दर महिन्याला पगारासाठी झोळी घेऊन बाहेर पडायचे. कर्वे बाहेर पडत. पाच-दहा रुपयांच्या वर्गण्या, कुणाची वार्षिक, कुणाची एकदाच. संकोची माणूस होता, वक्तृत्व बेताचे, तरी दारोदार जायचा कंटाळा कधी केला नाही.

आता दुसरे पान. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईचे गिरणीमालक. भाटिया समाजातले, कापडाच्या धंद्यात तिसरी पिढी. इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे सभासद, १९०८ मध्ये 'सर' झालेले. पण मला त्यांच्याविषयीची एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९११ मध्ये लल्लुभाई सामळदासांबरोबर त्यांनी बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक काढली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. म्हणजे शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवायचे कसे, याचा या माणसाने विचार केलेला होता. व्याज माणसाला बुडवते कसे आणि तारते कसे, हे त्यांना पुरते कळत होते. वसई-विरारच्या आमच्या भागात पतपेढीशिवाय लग्न होत नाही की होडी पाण्यात जात नाही, त्यामुळे मला हे जरा जास्त जवळचे वाटते.

१९१९-२० मध्ये विठ्ठलदास पत्नी प्रेमलीला यांच्यासह जगप्रवासाला निघाले. बरोबर सर विश्वेश्वरय्या होते. जपानमध्ये त्यांनी टोकियोचे ते महिला विद्यापीठ पाहिले. कर्व्यांनी कागदावर वाचले ते यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि परत आल्यावर १९२० मध्ये कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. अट अशी की विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव द्यावे. पुण्याच्या नारायण पेठेतल्या कन्याशाळेवरही तेच नाव लागले.

पंधरा लाख. गोखल्यांच्या साडेसातशे रुपयांच्या दोन हजार पट. एवढी रक्कम ऐकल्यावर वाटते की कर्व्यांची झोळी आता कायमची खुंटीला लागली असेल. तसे झाले नाही, आणि कसे झाले नाही हाच या इतिहासाचा गाभा आहे.

हे पंधरा लाख पोत्यात भरून आले नव्हते. ती होती साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने व्याज देणारी रक्कम. मुद्दल जागेवर, आणि विद्यापीठाच्या हाती दरवर्षी बावन्न हजार पाचशे रुपये. संस्थेच्या भाषेत याला कायमनिधी म्हणतात. मुद्दलाला हात लावायचा नाही, झाडाला आलेले फळ तेवढे खायचे. आमच्याकडे केळीच्या वाडीत वेगळे असते: घड काढला की बुंधा तोडायचा आणि शेजारच्या पिल्लावर भिस्त ठेवायची. नारळाचे म्हणाल तर जमते.

बावन्न हजारांत त्या काळी शिक्षकांचे पगार होत, भाडे निघे, छपाई होई. इथे मी जरा थांबते. दानशूर माणसाला सहसा इमारत आवडते. दगड दिसतो, त्यावर नाव कोरता येते, उद्घाटनाला मंडप घालता येतो. आमच्या अर्नाळ्याच्या किल्ल्याचेच बघा. दरवाज्यावरच्या शिलालेखात बाजीरावांचे नाव आहे, चुना मळणाऱ्यांचे नाही. शिक्षकाच्या पगाराला कुणी कोनशिला बसवत नाही. विजेच्या बिलावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असे छापून येत नाही. आजही एखादा ट्रस्ट सार्वजनिक विद्यापीठाला प्रयोगशाळा बांधून देतो आणि तीत काम करणारा सहायक नेमायला पैसा नसल्याने ती कुलूपबंद राहते. विठ्ठलदासांच्या देणगीचे मोल मला यात दिसते, की ती रोजच्या खर्चाला लागली. नाव लागले विद्यापीठाला, पैसा गेला चुलीत. गिरणी चालवणाऱ्याला ठाऊक असते की यंत्र विकत घेणे सोपे, शनिवारचा पगार वाटणे कठीण.

मात्र व्याजाची एक खोड असते. ते वाढत नाही. विद्यार्थिनी वाढतात, वर्ग वाढतात, महागाई वाढते, आणि बावन्न हजार पाचशे हे बावन्न हजार पाचशेच राहतात. आज सहायक प्राध्यापकाची नेमणूक होते तेव्हा पहिल्या महिन्याचे मूळ वेतन सत्तावन्न हजार सातशे रुपये असते. म्हणजे ज्या रकमेवर एकेकाळी अख्ख्या विद्यापीठाचा वर्षाचा गाडा ओढला जाई, ती आता एका नव्या शिक्षिकेच्या एका महिन्यालाही पुरत नाही. हा दोष दात्याचा नाही. १९२० मध्ये पंधरा लाखांनी जे केले ते १९२० लाच करायला हवे होते. पण 'एकदा मोठी देणगी मिळाली की संस्था सुटली' असे मानणाऱ्यांनी हा आकडा पाकिटात ठेवावा.

दुसरी अडचण दैवाची. १९२२ च्या ऑगस्टमध्ये विठ्ठलदास गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. देणगी देऊन अवघी दोन वर्षे झाली होती. दाता जिवंत असतो तेव्हा संस्था त्याच्याशी बोलू शकते. तो गेला की कागदाशी बोलावे लागते. त्याच्या मनात काय होते हे मग कागदावरच्या शब्दांवरूनच ठरवायचे.

कर्वे पुन्हा बाहेर पडले. मार्च १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते युरोप, अमेरिका, जपान अशा दौऱ्यावर निघाले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत आणि डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला भारतीय स्त्रीशिक्षणावर बोलले. बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले. टोकियोला ते महिला विद्यापीठ शेवटी प्रत्यक्ष पाहिले, पुस्तिका वाचून चौदा वर्षे झाल्यावर. एप्रिल १९३० मध्ये परत आले आणि त्याच डिसेंबरात पुन्हा बोटीत बसले, या वेळी आफ्रिकेसाठी. मोम्बासा, युगांडा, टांगानिका, झांजीबार, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, पंधरा महिने. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर बसून त्यांनी विद्यापीठाची माहिती सांगितली आणि वर्गणी गोळा केली. झांजीबारचा एखादा लवंगांचा व्यापारी दुपारच्या उन्हात या म्हाताऱ्याला पाणी देऊन विचारत असेल, 'मुलींसाठी विद्यापीठ? आणि तुम्ही स्वतः आलात?' हे चित्र माझ्या मनातले आहे, पण त्या दौऱ्यात असे प्रसंग दिवसाला दोन तरी झाले असणार.

पंधरा लाखांच्या देणगीनंतरही या दौऱ्यांची गरज पडली, यात मला कमीपणा वाटत नाही. मोठ्या देणगीने विद्यापीठ उभे राहू शकते. ते आपले आहे असे लोकांना वाटायला मात्र हजारो हातांची वर्गणी लागते. एका घराण्याच्या पैशावर चालणारी संस्था त्या घराण्याची होते. हे विद्यापीठ ठाकरसींचे नाव लावूनही ठाकरसींच्या मालकीचे झाले नाही, त्याचे बरेचसे श्रेय त्या पाच-दहा रुपयांना जाते.

१९३६ मध्ये विद्यापीठाचे ठाणे पुण्याहून मुंबईला हलले. हे साल मी कधी विसरत नाही, कारण त्याच वर्षी बोरिवलीपर्यंत आलेली विजेची गाडी विरारपर्यंत पोचली. विरारहून मुंबईला गाडी तर १८६७ पासून होती, पण दिवसाला एक गाडी आणि रोज जाता-येता येईल अशी गाडी यांत फरक आहे. एका वर्षात विद्यापीठ आमच्या दिशेने आले आणि विजेची गाडीही. योगायोगच तो. पण या स्मरणिकेत ज्या ज्या मुलींच्या आठवणी छापल्या आहेत, त्यांतली एकही तो योगायोग जमला नसता तर पदवीपर्यंत पोचली नसती. (महिलांसाठीची खास लोकल १९९२ मध्ये सुरू झाली, आमच्या वेळी लेडीज डब्यात मासळीच्या पाट्या, मोगऱ्याचे गजरे आणि आमची पुस्तके एकाच बाकाखाली असत.)

विधिमंडळाने १९४९ मध्ये कायदा केला आणि १९५१ मध्ये विद्यापीठाला पूर्ण वैधानिक दर्जा मिळाला. गृहीतागमा जाऊन बी.ए. आली. पस्तीस वर्षे मान्यतेविना चाललेल्या विद्यापीठाला आता सरकारी अनुदान मिळू लागले. आज ते २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्याखाली येते, मुंबई विद्यापीठाच्या पंगतीत बसते. तरी नाव नाथीबाईंचेच. सरकारने ते बदलले नाही, आणि बदलू नये.

कायद्याने मान्य झालेल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत्या लेडी प्रेमलीला ठाकरसी. या बाईंविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण देणगीचा इतिहास लिहिणारे पुरुषाच्या सहीवर थांबतात. विठ्ठलदास वारले तेव्हा प्रेमलीलाबाईंनी तिशीही ओलांडली नव्हती. श्रीमंत घरातली तरुण विधवा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी देवघरात बसून दिवस काढले असते तर कुणी काही म्हटले नसते. ज्या विद्यापीठाची मुळे विधवांच्या आश्रमात होती, त्याला पैसा देणाऱ्याची पत्नीच अशी विधवा व्हावी, हे कथेत असते तर आपण लेखकाला ओढूनताणून जमवल्याचा दोष दिला असता. प्रेमलीलाबाईंनी विद्यापीठ आपले मानले. पुण्याच्या त्यांच्या 'पर्णकुटी'त १९३३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. देवदास गांधी आणि लक्ष्मी यांचे लग्नही तिथेच लागले. पुढे कस्तुरबा स्मारक निधीची धुराही त्यांनी वाहिली. १९७७ मध्ये त्या गेल्या. म्हणजे देणगी देऊन पती दोन वर्षांत गेला, आणि त्या देणगीच्या मागे पत्नी अर्धशतकाहून अधिक काळ उभी राहिली. पंधरा लाखांवरचे खरे व्याज मला हे वाटते. त्याचा दर साडेतीन टक्के नव्हता.

चर्चगेटच्या आवारातून बाहेर पडून ओव्हल मैदान ओलांडले की मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर येतो. तोही एका आईच्या नावाचा. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, आणि मनोऱ्याला आई राजाबाईंचे नाव लागले. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि प्रेमचंद शेट स्वतः बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. पंधरा मिनिटांच्या चालीत दोन विद्यापीठे आणि दोन गुजराती आया. एकीच्या नावाने घड्याळ वाजते, दुसरीच्या नावाने पदवी मिळते. मनोरा जास्त उंच, यात वाद नाही.

ठाकरसींच्या जोडीने पुढे इतरही दात्यांची नावे लागत गेली. जुहूला सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक, सी. यू. शहा औषधनिर्माण महाविद्यालय, उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था. चर्चगेटला लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय. नावे वाचत आवारात फिरले तर मुंबईच्या भांडवलाचा शंभर वर्षांचा प्रवास दिसतो, कापडापासून पोलादापर्यंत. आणि याखेरीज असंख्य लहान निधी: कुणाच्या आजीच्या नावाचे सुवर्णपदक, कुणाच्या वहिनीच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या कितीतरी ट्रस्टांच्या वार्षिक हिशेबात 'शैक्षणिक मदत' अशी एक ओळ असते. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुठली तरी मुलगी रांगेत उभी असते.

तशी मीही उभी राहिले आहे. दुसऱ्या वर्षाला मला एका निधीतून शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम फार नव्हती. सहा महिन्यांचा रेल्वे पास आणि वर थोडी पुस्तके. पण वडिलांच्या वाडीवर त्या साली वारा फिरला होता, केळी आडव्या झाल्या होत्या, आणि मी कॉलेज सोडायचे घरात जवळजवळ ठरले होते. खिडकीवरच्या बाईंनी व्हाउचर पुढे सरकवले, त्यावर रेव्हेन्यू तिकीट चिकटवले, आणि तिकिटावरून आडवी सही करायला सांगितली. निधी कुणाच्या तरी मातोश्रींच्या नावाचा होता. घरी आल्यावर मी आईला ते सांगितले. आईचे नाथीबाईंविषयीचे ज्ञान कॉलेजच्या नावापुरतेच होते, आणि मी ते कधी दुरुस्त केले नव्हते. 'नाथीबाईनी दिले होय!' ती म्हणाली. मी 'हो' म्हटले. तसे ते फारसे खोटेही नव्हते.

मार्च उजाडला तशी आईने मांडवावर सुकेळी घातली. राजेळी केळी सोलून, फडक्याखाली, आठवडाभर उन्हात. रोज संध्याकाळी उचलून आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. रंग मधासारखा आला की केळीच्याच वाळल्या पानात घट्ट बांधायची. त्यातले एक पुडके तिने माझ्या पिशवीत टाकले आणि बजावले, 'हे नाथीबाईना दे. म्हणावं, अर्नाळ्याची आहेत.'

लोकलमध्ये मी ते पुडके दीड तास मांडीवर धरून बसले. चर्चगेटला उतरल्यावर काय करावे ते सुचेना. शेवटी त्याच खिडकीवर गेले, पुडके आत सरकवले आणि आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुतळी सोडली, एक सुकेळे स्वतः घेतले, बाकीची टेबलाटेबलावर फिरवली. मग पावतीपुस्तकावर हात ठेवून मला विचारले, 'काय गं, पावती आईच्या नावाने फाडू का?'